पाणकावळा, पण कोणता? तीन पाणकावळे आणि तिरंदाज ओळखण्याची रीत

जानेवारीतली सकाळ होती. भिगवणजवळच्या कुंभारगावातून होडी निघाली आणि उजनीच्या फुगवट्यात जाळ्यांसाठी रोवलेल्या काठ्यांची रांग समोर आली. जवळजवळ प्रत्येक काठीवर एकेक काळा पक्षी. मी मोजले आणि वहीत लिहिलं, ‘लहान पाणकावळा, ४०’. रात्री घरी आल्यावर एक फोटो मोठा करून पाहिला. त्यात सोळा पक्षी होते. डावीकडून तिसऱ्याचा डोळा निळसर हिरवा, चोच बारीक नि लांब, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी. तो लहान पाणकावळा नव्हताच. त्याच्या पलीकडचाही नव्हता.

तेव्हापासून पाणकावळ्यांच्या नोंदी मी सावकाश करते. आपल्याकडे या पक्ष्यांवर नजर टाकून ‘पाणकावळा’ म्हणायचं आणि पुढे फ्लेमिंगोकडे वळायचं, अशी सवयच पडली आहे. त्यामुळे महाराष्ट्र-गोव्याच्या पाणथळांवर नियमित दिसणाऱ्या तीन प्रजाती एकाच नावाखाली गोळा होतात. लहान पाणकावळा, भारतीय पाणकावळा आणि मोठा पाणकावळा अशा त्या तीन. चौथा तिरंदाज. तो पाणकावळा नाही, पण लांबून पाहणाऱ्याला हमखास तसा वाटतो. या चौघांना वेगळं करायला महागडी दुर्बीण लागत नाही. नजर कुठे आधी टाकायची, तो क्रम मात्र पक्का लागतो.

आधी उजेड

काळा पक्षी आणि चमकणारं पाणी ही सगळ्यात अवघड जोडी. सूर्य समोर असेल तर तुम्हाला फक्त सावली दिसते आणि पिसांचं एकही लक्षण हाती लागत नाही. म्हणून सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहा, संध्याकाळी उलट. होडीत असाल तर नावाड्याला आधीच सांगा की ऊन पाठीवर राहील अशी होडी ठेवायची. पक्ष्याच्या आणखी जवळ जाण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. जवळ गेलात तर पाणकावळे पाण्यावर पाय आपटत, धावत उडतात आणि शेजारचा अख्खा थवा उठवतात.

फोटो काढत असाल तर कॅमेऱ्याचं एक्सपोजर थोडं वाढवा. मागे चकाकतं पाणी असलं की कॅमेरा आपोआप चित्र काळोखं करतो आणि पक्ष्याच्या पाठीवरची नक्षी गडप होते. मी साधारण पाऊण ते एक स्टॉप (एक्सपोजर मोजायचं माप) वाढवते. पाणी पांढरं पडतं, पडू दे. आपल्याला पाठ हवी आहे.

दुर्बीण ८×४२ ची असली की पुरे.

हा पाणकावळाच आहे ना?

काही पक्षी इथेच वगळता येतात. पाण्यावर तरंगणारा काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा आणि चोचही पांढरी, तर तो वारकरी. पाणकोंबडीच्या कपाळावर लाल टिळा असतो आणि ती गवताच्या कडेकडेने फिरते. चिखलात चालणारा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा पक्षी शराटी. टिबुकली बुडी मारते खरी, पण ती मुठीएवढी असते.

पाणकावळ्याची खूण म्हणजे तो पाण्यात खोल बसतो. बदकासारखा वर तरंगत नाही, पाठ जेमतेम पाण्याबाहेर असते आणि चोच किंचित वर उचललेली. चोचीच्या टोकाला आकडी असते. पायाची चारही बोटं एकाच पडद्याने जोडलेली असतात, आणि असा पाय असूनही तो काठीवर, फांदीवर, लहान पाणकावळा तर विजेच्या तारेवरही बसतो.

दुसरी खूण सगळ्यांनाच माहीत आहे, पंख पसरून बसणं. त्याच्या अंगात तेलच नसतं म्हणून तो भिजतो, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. पाणकावळ्याला शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. त्याच्या पिसांची कडेची वीण सैल असते आणि ती पाणी धरते, तर आतला भाग बराचसा कोरडा राहतो. पिसांत अडकलेली हवा कमी झाली की बुडी मारणं सोपं जातं. त्याची किंमत म्हणून वर आल्यावर पंख वाळवत बसावं लागतं.

ओळखीच्या दृष्टीने यातून एक सावधगिरी निघते. नुकताच पाण्याबाहेर आलेला पक्षी बारीक आणि सपाट काळा दिसतो. पाठीवरची नक्षी, पांढरे तुरे, गळ्याचा रंग सगळं पुसट होतं. ओल्या पक्ष्याचा निकाल लगेच लावू नका. दहा मिनिटं थांबा, त्याला वाळू द्या.

तिरंदाजाला आधी बाजूला काढा

चौघांत हाच सगळ्यात सोपा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. त्याची चोच दाभणासारखी असते, सरळ आणि टोकदार, आकडी अजिबात नाही. डोकं इतकं अरुंद की मान कुठे संपली नि डोकं कुठे सुरू झालं हे कळत नाही. मान सापासारखी लांब, मध्ये बाक असलेली. गळ्याच्या बाजूने एक पांढरी रेघ उतरते. खांद्यावर आणि पंखांवर चांदीसारख्या लांब रेघा असतात, उन्हात त्या लखलखतात. शेपटी लांब असते, उडताना पंख्यासारखी पसरते.

पोहताना बहुतेक वेळा त्याचं अंग पाण्याखाली असतं आणि फक्त मान वर दिसते. साप पोहतोय असं वाटून माणूस दचकतो, म्हणून त्याला सर्पपक्षीही म्हणतात. तिरंदाज हे नाव त्याच्या शिकारीवरून अगदी शोभतं. पाणकावळा माशाचा पाठलाग करून त्याला चोचीत धरतो. तिरंदाज मान आखडून घेतो आणि झटक्यात पुढे फेकून मासा भोसकतो. मग वर येऊन मासा चोचीवरून सोडवायचा, हवेत उडवायचा आणि डोक्याकडून गिळायचा. एकदा हे जवळून पाहिलंत की पुन्हा कधी गल्लत होणार नाही.

आता तिघांत: चोच आणि कपाळ

इथे बहुतेक जण ‘केवढा आहे?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. लहान पाणकावळा साधारण ५० सेंमी, भारतीय ६३ च्या आसपास, मोठा ८० ते १०० सेंमी. कागदावर फरक मोठा दिसतो, पण मोकळ्या पाण्यावर एकट्या पक्ष्याचा आकार डोळ्याला कळत नाही. लहान आणि भारतीय यांच्यातला १२-१३ सेंमीचा फरक तर मान आखडून बसलेल्या पक्ष्यात पार नाहीसा होतो. त्यामुळे आकार शेवटी पाहायचा, तोही शेजारी ओळखीचा पक्षी असेल तरच. हळदी-कुंकू बदक साधारण ६० सेंमीचं असतं. त्याच्या शेजारी पाणकावळा बसला असेल तर तुमचं नशीब.

सुरुवात चोच आणि कपाळ यांच्या जोडीपासून करा. पक्षी बाजूने दिसेपर्यंत थांबा.

लहान पाणकावळ्याची चोच आखूड आणि अंगाच्या मानाने जाडसर असते. डोक्याच्या लांबीपेक्षा ती स्पष्टपणे कमी भरते. कपाळ चोचीपासून उभं चढतं, त्यामुळे डोकं सुपारीसारखं गोल दिसतं. मानही आखूड. सगळा चेहरा पिल्लासारखा, कोवळा वाटतो. शेपटी मात्र अंगाच्या मानाने लांब असते आणि काठीवर बसल्यावर खाली लोंबते.

भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, सडपातळ, जवळजवळ डोक्याएवढी, आणि टोकाची आकडी ठळक. कपाळ उभं चढत नाही, उताराने येऊन चोचीत मिसळतं. डोकं लहान आणि मागे किंचित टोकदार, मान बारीक. हा पक्षी सगळाच ताणून लांब केल्यासारखा दिसतो.

मोठ्या पाणकावळ्याची चोच पकडीसारखी भक्कम असते. डोकं मोठं आणि माथा चपटा, मान जाड, छाती भरलेली. काठीवर बसला की ती काठी आता वाकेल असं वाटतं. लंडनला राहणाऱ्या आपल्या मंडळींना थेम्सच्या काठी दिसतो तो हाच. तिकडची सवय असलेली नजर इथल्या लहान पाणकावळ्यावर गेली की त्याचा ठेंगणेपणा लगेच जाणवतो.

चोच-कपाळ ही खूण वर्षभर चालते. पिसांचा रंग ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो, हाडांचा आकार बदलत नाही. म्हणून मी नवख्यांना पहिले चार-पाच दिवस रंग पाहूच नका, असं सांगते. फक्त बाजूने दिसणाऱ्या डोक्याची रेघ वहीत काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. कपाळ उभं की उतरतं, एवढंच त्यात कळायला हवं.

मग गळा आणि गाल

डोक्याच्या रेघेवरून अंदाज बांधला की तो गळ्यावर तपासून पाहा. पांढरा आणि पिवळा हे दोन रंग कुठून कुठवर आहेत, ते बघायचं.

मोठ्या पाणकावळ्याच्या चोचीच्या मुळाशी पिवळी उघडी कातडी असते आणि तिच्यामागे पांढऱ्या पिसांचा रुंद पट्टा गालापर्यंत जातो. हनुवटीखालून पांढरा रुमाल बांधल्यासारखा तो दिसतो. बऱ्याच अंतरावरून, डोळा-चोच काही दिसत नसतानाही हा रुमाल कळतो.

भारतीय पाणकावळ्याच्या विणीच्या (प्रजननाच्या) काळाबाहेरच्या पिसाऱ्यात गळ्याची कातडी पिवळसर असते आणि गळ्यावर थोडा पांढुरका रंग असू शकतो. पण तो तोंडाच्या कोपऱ्याच्या खालीच राहतो, गालावर चढत नाही. फसगत होते ती इथेच. गळ्याला पांढरं दिसलं की मोठा पाणकावळा लिहून टाकलं, असं मी किती तरी वह्यांमध्ये पाहिलं आहे. पांढरं आहे का, एवढ्यावर थांबू नका. ते गालावर चढलंय का, ते पाहा.

लहान पाणकावळ्याचा चेहरा विणीच्या काळात काळपट असतो. इतर वेळी हनुवटीशी छोटासा पांढरा ठिपका दिसतो आणि चोच मातकट-गुलाबी होते. पिवळा रंग नजरेत भरावा असा नसतो.

दुपारच्या उन्हात पाणकावळे चोच उघडून गळा थरथरवतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ही त्यांची रीत. कुत्रा जीभ काढून धापा टाकतो तसंच काहीसं. पक्षी असा बसलेला असताना गळ्याच्या कातडीचा रंग पाहायची उत्तम संधी मिळते.

डोळा, आणि पाठीवरचे खवले

उजेड चांगला असेल तर डोळ्याकडे पाहा. भारतीय पाणकावळ्याचा डोळा निळा-हिरवा, खड्यासारखा चमकतो. लहान पाणकावळ्याचा डोळा लांबून काळपटच दिसतो. त्यामुळे या दोघांतला वाद डोळ्यावर मिटतो. पण मोठ्याचा डोळाही हिरवा असतो. म्हणजे हिरव्या डोळ्याने लहान बाद होतो, एवढंच. भारतीय की मोठा, हे ठरवायला पुन्हा चोच आणि गालाकडे यावं लागतं.

पाठ हा मला सगळ्यात आवडणारा भाग. आपण त्यांना काळे म्हणतो, पण ऊन पाठीवर पडलेला वाळलेला भारतीय पाणकावळा एकदा नीट पाहा. प्रत्येक पीस कांस्याच्या झळाळीचं आणि त्याला काळी कड. अशी पिसं एकावर एक रचलेली, माशाच्या अंगावरच्या खवल्यांसारखी. मी कुंभारगावच्या त्या फोटोत हेच पाहत बसले होते. मोठ्याच्या पाठीवरही अशी काळ्या कडांची रचना असते, पण तिथे चोच आणि गाल आधीच निकाल देतात. लहान पाणकावळ्याच्या पंखांवर थोडी राखी छटा दिसते, पण एकूण पक्षी एकसारखा काळा किंवा तपकिरी भासतो, कौलांसारखी ठसठशीत रचना त्याच्यात दिसत नाही.

पावसाळ्यातला साज

हिवाळी सहलीत शिकलेला माणूस पावसाळ्यात गोंधळतो, कारण विणीच्या काळात तिघेही नटतात. रंग गडद होतो, तपकिरी झाक जाते आणि पांढरी नाजूक पिसं उगवतात. ती कुठे उगवली, हे पाहिलं की काम होतं.

भारतीय पाणकावळ्याच्या डोळ्यामागे, कानाच्या जागी, पांढऱ्या पिसांचा छोटा झुपका येतो. एकच, नेमक्या जागी, कानात अत्तराचा फाया ठेवावा तसा. लहान पाणकावळ्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्याच्या बाजूंना बारीक पांढऱ्या ठिपक्या-रेघा विखुरतात आणि डोक्यामागे आखूड शेंडी दिसते. मोठ्याच्या डोक्यावर-मानेवर पांढरी पिसं इतकी येऊ शकतात की डोकं पिकल्यासारखं वाटतं, आणि मांडीवर पांढरा मोठा ठिपका येतो. उडताना हा मांडीवरचा ठिपका झळकला की दुसरं काही पाहायची गरज नाही.

हा साज फार दिवस टिकत नाही. त्यामुळे तो नसला म्हणून कोणतीही प्रजाती बाद करू नका.

वीण वसाहतीत होते. बगळे, रातबगळे, पाणकावळे एकाच झाडावर घरटी करतात, कधी गावातल्या भर चौकातल्या चिंचेवर किंवा वडावर. अशा झाडाखाली उभं राहून आरडाओरडा करू नका, घरट्यांच्या पातळीवर ड्रोन नेऊ नका. मोठे पक्षी उठले की उघड्या पिल्लांवर कावळे-घारी तुटून पडतात.

तपकिरी पिल्लं

वरचं सगळं पाठ असूनही अडखळायला होतं ते कोवळ्या पक्ष्यांपाशी. तिन्ही प्रजातींची वर्षाच्या आतली पिल्लं तपकिरी असतात आणि खालून फिकी. मोठ्याच्या पिल्लाचं पोट बऱ्याचदा मळकट पांढरं असतं. भारतीयचं पिल्लूही खालून पांढुरकं असू शकतं. म्हणजे पांढरं पोट हा पुरावा होत नाही. लहानच्या पिल्लाचा गळा फिका आणि चोच मातकट, त्यामुळे त्याला भारतीय समजण्याचा मोह होतो.

अशा वेळी रंग पूर्ण सोडून द्या आणि पहिल्या पायरीवर परत जा. कपाळ उभं आहे का? चोच डोक्यापेक्षा आखूड आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली तर लहान. चोच लांब, बारीक आणि कपाळ उतरतं असेल तर भारतीय. चोच जाड, मान जाड, डोकं चपटं असेल तर मोठा. यातलं काहीच ठामपणे दिसत नसेल तर पक्षी अनोळखी राहू द्या.

मोबाइलवरचं मर्लिन ॲप फोटोवरून नाव सुचवतं आणि ते उपयोगीही आहे. पण अंधाऱ्या, मागून काढलेल्या फोटोवर त्याने दिलेलं नाव हे सुचवणंच समजा. चोच तुम्ही पाहिलेली असली पाहिजे.

थव्याची वागणूक

वागणुकीवरून ओळख पक्की होत नाही, पण कुठे रोखून पाहायचं ते कळतं. लहान पाणकावळा उथळ पाण्यात, काठाशी, एकटा किंवा विस्कळीत चार-सहांच्या जमावाने मासे धरतो. गावतळं, नाला, भातखाचराजवळची चर, त्याला काहीही चालतं. भारतीय पाणकावळे मोकळ्या पाण्यावर एकजुटीने शिकार करतात. पुढचे बुडी मारतात, मागचे उडून पुढे येतात, आणि सगळा थवा माशांना ढकलत सरकत राहतो. असा सरकणारा थवा दिसला की ‘लहान’ लिहायच्या आधी दुर्बीण लावा. अर्थात दोघं मिसळूनही मासेमारी करतात, म्हणून थव्यातला एक पक्षी ओळखून सगळ्यांना तेच नाव देणं धोक्याचं.

मोठा पाणकावळा विस्तीर्ण, खोल जलाशय पसंत करतो. लहान तळ्यावर तो दिसल्याचं वाटलं तर दोनदा तपासा.

वहीत काय लिहायचं

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि आपल्याकडचे कितीतरी हौशी निरीक्षक तिच्यात भाग घेतात. अशा मोजणीत चुकीचं नाव लिहिलं गेलं की एका प्रजातीचा आकडा फुगतो आणि दुसरी तिथे नव्हतीच असं ठरतं. पुढे त्या तलावावर काही बदललं, तर ते ओळखायला आधार राहत नाही. ही गोष्ट माझ्या जिवाला लागते, कारण माझ्या स्वतःच्या जुन्या वह्यांत किती भारतीय पाणकावळे ‘लहान’ म्हणून गाडले गेलेत, ते आता शोधता येणार नाही.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘पाणकावळा, प्रजाती अनिश्चित’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो वापरायला लाजू नका. कुंभारगावची ती नोंद मी त्याच रात्री दुरुस्त केली. फोटोतल्या सोळांपैकी पाच भारतीय, अकरा लहान, आणि फोटोत न आलेले चोवीस अनिश्चित. नावापुढे कशावरून ओळखलं तेही लिहा, ‘कपाळ उतरतं, डोळा हिरवा, गाल काळा’. वर्षाने वाचताना याच तीन खुणा उपयोगी पडतात.

सराव कुठे

आधी घराजवळचं तळं धरा. पुण्याचा पाषाण तलाव, कोल्हापूरचा रंकाळा, किंवा तुमच्या गावचं तळं. तिथे बहुधा लहान पाणकावळाच भेटेल आणि तेच हवं आहे. त्याची चोच, कपाळ, शेपटी डोळ्यांत इतकी भिनू द्या की वेगळा पक्षी आला की आपोआप खटकेल. मग भिगवण किंवा गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूरमध्यमेश्वर गाठा, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. गोव्यात असाल तर करमळीचं तळं आहे. तिथे काठावरून लहान, भारतीय आणि तिरंदाज एकाच सकाळी पाहता येतात.

संध्याकाळी मुक्कामाच्या झाडाकडे परतणारे थवे पाहायला थांबा. पिसांची खूण आता दिसणार नाही, फक्त आकृती उरते. लहान पाणकावळा भराभर पंख मारतो, मान आखूड, मागे लांब शेपटी. भारतीयची मान पुढे बारीक काडीसारखी ताणलेली. मोठा हंसासारखा जड, सावकाश पंखांचा, मानेला किंचित बाक, आणि थवा असेल तर बहुतेक वेळा पाचरीच्या आकारात. तिरंदाज मध्येच पंख पसरून घिरट्या घेतो, तेव्हा त्याची पसरलेली शेपटी पाहा. दिवसभर बसलेल्या पक्ष्यांवर जे शिकलात, ते उडत्या आकृतीवर लावायला पहिल्या दिवशी जमणार नाही. झाडाखाली गवतात एक जागा निवडा, आणि पाच-सहा संध्याकाळी त्याच जागेवरून पाहा.